जुन्या ट्यूनरची पारख आणि छावणीची हवा

ट्यूनर म्हणजे स्पीकर नसलेला आणि आवाज वाढवणारा भागही नसलेला रेडिओ. हवेतून हवे ते स्टेशन धरायचे, शेजारची स्टेशने बाजूला सारायची, लहरीतला आवाज सोडवून घ्यायचा आणि तारेने वेगळ्या अॅम्प्लिफायरकडे द्यायचा, एवढेच त्याचे काम. रेकॉर्ड प्लेअरला हवी ती तबकडी बाहेरून आणता येते. ट्यूनरला मात्र घर ज्या गावात आहे, तिथल्या हवेत जे असेल त्यावरच भागवावे लागते. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये किंवा तोक्योत नावाजलेला ट्यूनर छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत तेवढाच चांगला ठरेल, असे धरून चालता येत नाही. तिथे त्याची पारख करायची तर आधी छावणीच्या हवेत कोणत्या काळी काय ऐकू येत होते, हे पाहावे लागते.

छावणी जुन्या शहराच्या पश्चिमेला, खाम नदीच्या पलीकडे वसली. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची फौज एकोणिसाव्या शतकात इथे असे. जून १८५७ मध्ये याच फौजेच्या घोडदळात उठाव झाला. कंटिंजंट १९०३ मध्ये ब्रिटिश भारतीय सैन्यात मिसळले गेले. नदीच्या एका बाजूला निजामाचे शहर आणि दुसऱ्या बाजूला लष्करी वस्ती, ही विभागणी मात्र कायम राहिली, आणि रेडिओ आला तेव्हा तो या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वाटांनी आला.

इंग्रज अधिकाऱ्यांसाठी बीबीसीची एम्पायर सर्व्हिस डिसेंबर १९३२ पासून शॉर्ट वेव्हवर होती. निजामाच्या राज्यात हैदराबादला खाजगी रीतीने सुरू झालेले डेक्कन रेडिओ १९३५ मध्ये सरकारने आपल्याकडे घेतले. त्याचा कारभार मुख्यतः उर्दूत चाले. पुढे निजाम सरकारने औरंगाबादलाही, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, केंद्र काढले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात आकाशवाणीची स्वतःची मोजकी केंद्रे होती आणि संस्थानांची पाच: म्हैसूर, बडोदे, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद. नागपूरला किंवा पुण्याला अजून स्वतःचे केंद्र नव्हते, तेव्हा औरंगाबादला ते होते, ही गोष्ट आज मराठवाड्यातही फारशा लोकांच्या ध्यानात नाही. संस्थानांचे विलीनीकरण झाल्यावर हे केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीकडे आले, पण टिकले नाही. त्याच दशकात ते बंद झाले. मराठवाड्याच्या वाट्याला पुन्हा केंद्र आले ते १९६८ मध्ये परभणीला. औरंगाबादला आकाशवाणी परतायला सत्तरचे दशक उजाडावे लागले.

मधल्या दोन दशकांत छावणीतल्या रेडिओला जवळचे असे स्टेशनच नव्हते. मुंबई सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद साडेचारशेच्या जवळ. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि अंतरागणिक क्षीण होतात. रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून दुपारी कुजबुजणारे स्टेशन रात्री नऊला खणखणीत लागे, आणि त्याच्या अंगावर दुसरे एखादे लांबचे स्टेशनही चढून बसे. यावर उतारा शॉर्ट वेव्हचा. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. बिनाका गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली. विविध भारती ऑक्टोबर १९५७ मध्ये आली, तीही सुरुवातीला मुंबई आणि मद्रासहून शॉर्ट वेव्हवरच. आवाज लाटेसारखा वरखाली होणे, मधेच पुसट होऊन परत येणे, हे त्या ऐकण्याचे अंगच होते.

त्या काळी रेडिओची प्रत ठरे ती यावरून. ठाण्यात बनणारा मर्फी, कलकत्त्यात १९४८ पासून आणि १९५९ पासून पुण्याजवळही बनणारा फिलिप्स, त्याखेरीज बुश, एचएमव्ही, नॅशनल एको असे संच घराघरांत होते. संच घेताना पाहिले जाई ते एवढेच: लांबचे स्टेशन किती धरतो, धरलेले सरकू देतो का, आणि शॉर्ट वेव्हच्या गर्दीत काटा नेमका बसवायला बँडस्प्रेड आहे का. मॅजिक आयचा हिरवा डोळा मिटत आला की स्टेशन नेमके लागले. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीचे पट्टीदार एरियल ताणलेले असे आणि अर्थची तार नळाला बांधलेली. वर्षाला पोस्टात लायसन भरावे लागे, ते वेगळेच. या संचांचा आवाज भरदार वाटे याचे अर्धे श्रेय लाकडी पेटीला आणि मोठ्या स्पीकरला. मीडियम वेव्हवरून साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही घरापर्यंत पोहोचतच नसे. राष्ट्रीय संगीत कार्यक्रम जुलै १९५२ पासून होता. तिथे गायकाचा सूर आणि तबल्याचा ठेका समजे, पण तंबोऱ्याची जवारी जवळजवळ संपूर्ण गळून जाई.

जगात हाय-फाय ट्यूनरचा सुवर्णकाळ नेमका याच वेळी चालू होता आणि त्याचा सगळा भर एफएमवर होता. अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँगने एफएमची पद्धत १९३३ मध्ये पेटंट केली. अमेरिकेने १९६१ मध्ये एफएम स्टिरिओला मान्यता दिली, आणि पुढची वीस वर्षे उत्तमातला उत्तम ट्यूनर बनवण्याची चढाओढ चालली. पडद्यावर लहरीचा आकार दाखवणारा मॅरँट्झचा १०बी, मॅकिंटॉशचा एमआर ७८, सान्सुईचे टीयू ९९०० आणि टीयू ७१७, अॅक्युफेज, केनवुड, यामाहा, रेव्हॉक्स अशी ती नामावळी आहे. भारतात पहिले एफएम प्रक्षेपण मद्रासला जुलै १९७७ मध्ये झाले आणि पुढची कित्येक वर्षे ते मोठ्या शहरांपुरतेच राहिले. जबर आयातकराच्या त्या दिवसांत आखाती देशांतून परतणाऱ्या माणसाच्या सामानात किंवा परदेशी नेमणुकीवरून आलेल्या अधिकाऱ्याच्या पेटीत एखादा ट्यूनर आलाच, तरी त्याच्या डायलचा एफएमचा पट्टा मराठवाड्यात मुका होता. ट्यूनर तरुण होता तेव्हा इथे एफएम नव्हते. एफएम आले तोवर ट्यूनरने वय गाठले होते. या भागात जुन्या ट्यूनरबद्दल जे काही मत बनले, ते जवळजवळ सगळे म्हाताऱ्या यंत्राच्या आवाजावरून बनलेले आहे. परदेशी मासिकांतली परीक्षणे नव्या यंत्रांची होती. दोन्ही मते शेजारी ठेवून तुलना करताना हा फरक हमखास सुटतो.

आकाशवाणीचे एफएम शहरात १०१.७ मेगाहर्ट्झवर आले, आणि खाजगी वाहिन्यांच्या २००६ च्या लिलावानंतर ९३.५, ९८.३ असे आकडे रिक्षावाल्यांपासून सगळ्यांच्या तोंडी बसले. जुन्या ट्यूनरच्या पारखेतली पहिली पायरी इथे येते, आणि तिला कान लागतही नाही: डायल कुठे संपतो ते वाचायचे. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेल्या ट्यूनरचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असतो. सामुदायिक रेडिओला आपल्याकडे ९०.४, ९०.८ असे आकडे मिळतात. तेसुद्धा या डायलच्या किंचित पुढे पडतात. म्हणजे असा ट्यूनर कितीही देखणा असला, तरी छावणीत शोभेचाच. युरोपातले जुने बरेच संच १०० वर थांबतात. त्यांच्यावर खाजगी वाहिन्या लागतील पण आकाशवाणी नाही. १०४ पर्यंत जाणाऱ्या संचाचे भागते. अमेरिकी ट्यूनर १०८ पर्यंत जातो. त्यात आकडेवाला, म्हणजे डिजिटल, असेल तर वेगळीच अडचण. तो एफएमवर विषम दशांशांच्या २०० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चालतो, तेव्हा ९३.५, ९८.३, १०१.७ त्याला जमतात, पण दुसऱ्या गावचे १००.६ जमणार नाही. मीडियम वेव्हवर तो १० किलोहर्ट्झच्या पायऱ्या घेतो, आणि भारतातली स्टेशने १९७८ पासून ९ च्या पाढ्यात बसवलेली आहेत. औरंगाबादचे १५२१ त्याला १५२० म्हणून धरावे लागते, मुंबईचे ५५८ हे ५६० म्हणून. एक-दोन किलोहर्ट्झची ही चूक फाटक्या आवाजात ऐकू येते. काही ट्यूनरना मागच्या बाजूला ९ आणि १० चे बटण असते. घेणाऱ्याने ते आधी शोधावे.

आवाजाच्या पारखेत अमेरिकी दंडक इथे सर्वांत जास्त फसवतात. तिकडे मोठ्या शहरांच्या मधल्या पट्ट्यात डायल खचाखच भरलेला असतो, दूरच्या शहराचे क्षीण स्टेशन गावातल्या जोरदार स्टेशनाच्या कुशीतून उचलावे लागते. म्हणून शेजारचे स्टेशन कापण्याची शक्ती हा तिथे मोठा गुण. मॅकिंटॉश एमआर ७८ ची ख्याती यावरच उभी आहे. भारतात एकाच शहरातल्या दोन एफएम वाहिन्यांमध्ये साधारण ८०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. एवढी ऐसपैस जागा असताना अरुंद गाळणी लावणे म्हणजे फुकटचे नुकसान, कारण गाळणी जितकी अरुंद तितका आवाजातला विपर्यास वाढतो आणि स्टिरिओची डावी-उजवी बाजू एकमेकींत मिसळते. ज्या ट्यूनरवर वाइड आणि नॅरो असे बटण आहे, तो छावणीत कायम वाइडवरच ठेवावा. साधा, दोन-तीन गाळण्यांचा, मध्यम किमतीचा ट्यूनर इथे नामांकित यंत्राच्या बरोबरीने वाजतो तो या कारणाने. उलट प्रक्षेपक जवळ असल्याने सिग्नल कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचा धोका अधिक. जोरदार सिग्नलने पुढचा भाग गुदमरला की एकच वाहिनी डायलवर दोन-तीन ठिकाणी लागते. संवेदनशीलतेचा मायक्रोव्होल्टमधला आकडा बघून यंत्र घेणाऱ्याला हे अनपेक्षित असते. लांबच्या गावांची आशा धरण्यातही अर्थ नाही: शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली एफएमची लहर सपाट जमिनीवर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरपुढे भरवशाची राहत नाही, आणि इथे तर उत्तरेला आणि दक्षिणेला डोंगर आहेत.

या डोंगरांचा आणि उंच इमारतींचा आणखी एक परिणाम होतो. लहर सरळ येते आणि आपटून उशिराही येते. दोन्ही एकत्र झाल्या की निवेदकाच्या ‘स’ आणि ‘श’वर चरचरीत थुंकी उडाल्यासारखा आवाज चढतो, पियानो किंवा संतूरच्या कडा तुटतात. दोष ट्यूनरचा नसतो, एरियलचा असतो. प्रत्येकी पाऊण मीटरच्या दोन भुजांचे साधे डायपोल खिडकीशी फिरवून पाहिले तरी निम्मा त्रास जातो. दोन लहरींपैकी जोरदार तेवढी धरण्याची ट्यूनरची कुवतही इथे कामी येते, आणि तेवढ्यापुरते महागडे यंत्र आपली किंमत वसूल करते.

स्वरांचा रंग ठरवणारी एक गोष्ट कागदावर फारशी दिसत नाही. एफएम प्रक्षेपणात वरचे सूर मुद्दाम उचलून पाठवतात आणि ट्यूनर ते तेवढ्याच प्रमाणात खाली बसवतो, म्हणजे त्याबरोबर सरसरही खाली बसते. हे प्रमाण भारतात आणि युरोपात ५० मायक्रोसेकंदांचे आहे, अमेरिकेत ७५ चे. अमेरिकी ट्यूनर इथले स्टेशन गरजेपेक्षा जास्त दाबतो. १० किलोहर्ट्झला ही तूट तीन डेसिबलहून थोडी अधिक भरते. झांजा, सतारीची चिकारी, स्त्रीस्वरातली हवा यांवर पांघरूण पडते, आणि ऐकणारा त्याला ‘जुन्या यंत्राचा उबदार आवाज’ म्हणून मोकळा होतो. उबदारपणाची बरीच स्तुती प्रत्यक्षात दोन चुकीच्या कंडेन्सरांची स्तुती असते. ते बदलले की तोच ट्यूनर उजळ होतो. बऱ्याच जपानी निर्यात यंत्रांना यासाठी मागे वेगळे बटण दिलेले होते.

या सगळ्यानंतर कानाची परीक्षा राहते, आणि तिला आकाशवाणीवरचे शास्त्रीय गायन सर्वांत सोयीचे. गायकाने आलापात श्वास घेतला की मागे तंबोरा उरतो. एफएमवरून १५ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर येतात. जवारीचा पीळ तुटक न होता सलग ऐकू आला, दोन तंबोरे वेगळे कळले आणि स्टिरिओचा दिवा लागल्यावर मागे सरसर वाढली नाही, तर ट्यूनरची अंगे जुळलेली आहेत. खाजगी वाहिनीवरची गाणी या कामाला उपयोगी नाहीत. ती मोटारीत आणि दुकानात ठळक ऐकू यावीत म्हणून हळू आणि मोठा आवाज एकाच पातळीवर आणून सोडलेली असतात. चांगल्या ट्यूनरवर ती अधिकच थकवतात, कारण चांगला ट्यूनर तो दाब लपवत नाही. मीडियम वेव्हचा भाग तर बहुतेक हाय-फाय ट्यूनरमध्ये केवळ रीत म्हणून घातलेला असे. तिथे पन्नासच्या दशकातला व्हॉल्व्हचा मर्फी सहज सरस ठरे. आता तर आकाशवाणीने देशभरातले कमी शक्तीचे बरेच मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद केले आहेत, त्यामुळे ती तुलनाही मागे पडत चालली आहे.

बांधणीच्या बाबतीत सत्तरच्या दशकातल्या ट्यूनरांना तोड नाही. हातभर लांब डायल, बोट लावून सोडले तरी फिरत राहणारे जड चाक, सिग्नलचा जोर दाखवणारे एक मीटर आणि स्टेशन मध्यावर आहे का ते सांगणारे दुसरे: दाखवण्यासारखे यात बरेच होते, पण प्रत्येक वस्तूला काम होते. मॅरँट्झने चाक आडवे बसवले, त्याची कड तेवढी दर्शनी पत्र्यातून बाहेर. सान्सुईने काळा दर्शनी भाग रूढ केला. पुढच्या दशकात, पाती फिरवून स्टेशन बदलणाऱ्या गँग कंडेन्सरची जागा व्हॅरॅक्टर डायोडने आणि चाकाची जागा बटणांनी घेतली. यंत्र हलके झाले, स्टेशन सरकणे थांबले, आणि डायलवरून काटा फिरवत वाटेत काय लागते ते पाहण्याची मजा गेली.

सान्सुई या नावाचा संभाजीनगरशी वेगळाच संबंध जुळला. ट्रान्सफॉर्मर बनवण्यापासून सुरुवात केलेल्या या जपानी कंपनीची घरच्या बाजारातली उतरण नव्वदच्या दशकात झाली, आणि भारतात तिचे नाव वापरण्याचा हक्क व्हिडिओकॉन समूहाकडे आला. व्हिडिओकॉनचे मुख्य ठिकाण औरंगाबाद–पैठण रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ, चितेगावला. धूत कुटुंबाच्या या समूहाने सान्सुईचे नाव रंगीत दूरचित्रवाणी संचांवर घरोघरी नेले. त्या संचांत आणि टीयू ९९०० मध्ये नावापलीकडे समान काही नव्हते, तरी जुना सान्सुई ट्यूनर हाती आलेल्या कित्येकांची ‘हा आपल्या चितेगावचाच’ अशी समजूत होते. समूह २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. असा जुना ट्यूनर शोधायचा, तर छावणीच्या गुरुवारच्या बाजाराची ओळख जनावरांची. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, अॅम्प्लिफायर यांचा माग काढणाऱ्याला जाफर गेटचा रविवारचा बाजार जास्त उपयोगी.

तिथे किंवा कुठेही मिळालेल्या ट्यूनरचे वय कुठे दिसते, ते ठरलेले आहे. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. विद्युतप्रवाह गाळणारे मोठे कंडेन्सर कोरडे पडतात आणि स्पीकरमधून घरघर येऊ लागते. गँगच्या दांड्याला टेकणाऱ्या स्प्रिंगांवर मळ साचला की काटा फिरवताना खरखर होते. ती साफ केल्याने जाते, दुरुस्ती लागत नाही. डायलचा दोरा सैल झाला की चाक फिरते पण काटा जागचा हलत नाही. डायलचे छोटे दिवे जातात आणि त्यांच्या जागी कोणीतरी निळसर एलईडी बसवतो, त्याने सगळा चेहरा बिघडतो. काही जुन्या जपानी ट्रान्झिस्टरांचे पाय काळे पडून आतून सुटतात. मग आवाज कधी असतो, कधी नसतो, आणि टपली मारल्यावर परत येतो. जपानी यंत्र १०० व्होल्टचे, अमेरिकी १२० चे. ते कोणी थेट २३० ला लावून पाहिले असेल, तर ट्रान्सफॉर्मरचा जळका वास झाकण उघडताच येतो आणि पुढची तपासणी तिथेच थांबते.

सर्वांत कठीण भाग जुळवणीचा. १०.७ मेगाहर्ट्झच्या आयएफटीतले (इंटरमिजिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मरमधले) गाभे वर्षांनी सरकतात, आणि एखाद्या उत्साही कारागिराने ते ‘थोडे फिरवून’ पाहिलेले असतात. ते सिग्नल जनरेटरशिवाय पूर्ववत बसत नाहीत, म्हणून आवाज बरा असेल तर त्यांना हात न लावणेच शहाणपणाचे. डायल मात्र गावातल्या स्टेशनांवरच तपासता येतो. ९३.५ वर काटा चुकत असेल तर ऑसिलेटरची कॉइल किंचित हलवायची, १०१.७ वर चुकत असेल तर ट्रिमर. एक बसवले की दुसरे थोडे हलते, तेव्हा दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. दोन्ही टोके बसल्यावर ९८.३ आपोआप जागेवर यायला हवे. ते येत नसेल तर गँगची पाती कुठेतरी वाकलेली आहेत.